निमकरकाकांचे जुळे लॅपटॉप

कलकत्त्यात मी सगळ्यात जास्त ऋणी कुणाचा असेन, तर निमकरकाकांचा. त्यांच्याबद्दल पहिली गोष्ट सांगायची तर ती ही, की हा माणूस मिठाईच्या दुकानातून दोन संदेश आणतो, घरी येऊन दोन्ही सुरीनं मधोमध कापतो आणि बशीत शेजारी शेजारी ठेवून चष्मा कपाळावर चढवून बघतो. आतून दोन्ही सारखे निघाले तर एक मला मिळतो. नाही निघाले तर दोन्ही मला मिळतात, आणि काका भिंतीकडे तोंड करून बसतात.

काका रेल्वेत, माल तपासायच्या खात्यात होते. कंत्राटदारानं आधी नमुना द्यायचा, काकांनी तो लाखेनं सीलबंद करून ठेवायचा आणि मग येणारा माल त्या नमुन्याशी ताडून बघायचा, अशी ती नोकरी. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त होताना नोकरी तिथं राहिली, लाख घरी आली. लोक खिशाला पेन लावतात, काका लहानसा स्क्रू ड्रायव्हर लावतात. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर सांगतात, "मुलीकडच्यांनी नमुना नापास केला."

मी सेलूचा. घराण्यातला पहिला पदवीधर. इथल्या आयटी कंपनीत नोकरी लागली आणि त्याच महिन्यात मराठी मंडळींच्या गणपतीत काका भेटले. माझ्या नव्या चपलांकडे बघून म्हणाले, "डावीचा तळ जाड आहे. दुकानदाराला विचारलंस?"

"नाही."

"का? देवानं तोंड काय फक्त जेवायला दिलंय?"

आमच्याकडे दुकानदाराला विचारत नसत. तो देईल ते घ्यायचं, वर नमस्कार करायचा. काकांनी मला हाताला धरून चपला बदलून आणल्या आणि बालीगंजच्या आपल्या फ्लॅटमधली मागची खोलीही दिली. तेव्हापासून मी त्यांचा 'पदवीधर'.

आता लॅपटॉपचं.

काकांची थोरली बहीण मिरजेला असते. कमलताई, मी त्यांना आत्या म्हणतो. काकांचे गुडघे गेलेले आणि आत्यांचे डोळे जात चाललेले, त्यामुळे भेट होणं अवघड. मोबाइलवर बोलणं व्हायचं, पण आत्या म्हणायच्या, "बाळ्या, तुझं तोंड बोराएवढं दिसतं रे." म्हणून काकांनी ठरवलं की एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप घ्यायचे. एक इथं, एक मिरजेला. म्हणजे आत्या अडल्या, की आपल्या लॅपटॉपकडे बघत इथून सांगता येईल, "ताई, वरच्या ओळीतलं उजवीकडून तिसरं बटण."

दोन्ही पेट्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून आल्या. काकांनी जेवणाच्या टेबलावर दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवले, दोन्हींवर जास्वंदीचा एकच फोटो लावला आणि मला हाक मारली, "पदवीधर, इकडे ये. संदेश कापलाय."

एकावर जास्वंद लाल होती. दुसऱ्यावर विटकरी. समोरून एक वेळ चाललं असतं, पण जरा बाजूला सरकलं की दुसऱ्या पडद्यावरचं फूल पार काळं पडायचं. काकांनी स्क्रू ड्रायव्हर काढला. आत पडदे वेगळ्या कारखान्यांचे, पंखेही वेगळे. बाहेर मॉडेल नंबर अक्षरन् अक्षर तोच.

आम्ही दोन्ही घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं शांतपणे आधी चहा पुढे केला. "काकू, आगे चा खान. मॉडेल तो सेम है, पेटी देखिए." (बंगालीत काकांना काकू म्हणतात, काकांनी हे अजून माफ केलेलं नाही.)

"पेटी देखबो ना!" काका मिरजेच्या सुरातल्या बंगालीत गरजले. "भेतोर देखबो!" आतलं बघणार.

दुकानदारानं पेटीवरचा मजकूर दाखवला. बारीक अक्षरात लिहिलं होतं की पूर्वसूचनेशिवाय आतले भाग बदलू शकतात. काकांनी भिंग लावून तो मोठ्यानं वाचला. आलेली गिऱ्हाईकं ऐकत उभी राहिली. शेवटी दुकानदारानं विटकरी लॅपटॉप बदलून दिला. नव्याचा पडदा आणखी मंद निघाला, आणि पंखा सुताच्या गिरणीसारखा वाजायला लागला.

मग काकांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, इट इज विदिन टॉलरन्स."

"बाई, टॉलरन्स म्हणजे फरक किती चालतो ते सांगायला सरकार मला पगार देत होतं. लेखी द्या!"

'लेखी द्या' हे काकांचं ब्रह्मास्त्र. भाजीवाल्यालाही सोडत नाहीत. कंपनीनं मात्र लेखी दिलं नाही, आणि जोडी जुळल्याशिवाय काका लॅपटॉप पाठवेनात. मी सुचवलं, "काका, आत्यांना फक्त तुम्हालाच बघायचंय. मंद असला तरी पाठवू या."

"तिला समोरचं दिसत नाही रे," काका म्हणाले. "मधलं गेलंय. खुर्ची बाजूला घेते, मान वळवून कडेनं बघते. आणि कडेनं हा काळा पडतो."

महिना असाच गेला. एका रविवारी आत्यांचा फोन आला, आवाज माझ्यापर्यंत ऐकू आला. "बाळ्या, मशीन पाठवतोस, का कडेचंही गेल्यावर पाठवणार आहेस?" त्या दिवशी त्यांनी संदेश न कापता खाल्ला.

पुढच्या आठवड्यात मी रजेवर गावी निघालो. दाराशी काकांनी एक बोचकं हातात दिलं. "मिरजेला वाट वाकडी कर. कुरियरवर माझा विश्वास नाही." सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील होतं.

मिरजेत सील मी फोडलं. आत लाल जास्वंदवाला लॅपटॉप होता.

जोडणी करून मी त्यावरूनच काकांना व्हिडिओ फोन लावला. आत्या खुर्ची बाजूला घेऊन तिरक्या बसल्या, मान वळवली आणि एकदम ओरडल्या, "अगं बाई, बाळ्या! केस केवढे पिकले! आणि ही कॉलर विरलीय, कर त्या शर्टाचं पोतेरं!"

"कॉलर दिसली तुला?" काकांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं, "ताई, कॉलर दिसली?"

"दिसली म्हणजे? दोरेसुद्धा लोंबतायत. आणि मी? मी कशी दिसते तुझ्या मशीनवर?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. मागं त्यांच्या लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा वाजत होता.

"एकदम तुझ्यासारखंच आहे माझं," ते म्हणाले. "स्वच्छ. नमुना मंजूर."

उभ्या नोकरीत ज्यांनी एक खोटा शेरा मारला नाही, ते काका हे बोलले. सेलूला पोचल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं.

तीर्थरूप काका,
सा. न.

तुम्ही सगळ्यांकडून लेखी मागता, म्हणून लेखी देतो. तुमच्या पडद्याबद्दल मी आत्यांना काही सांगितलेलं नाही. पण त्यावर जे दिसलं नसणार ते कळवतो. आत्यांची साडी तुम्हाला विटकरी दिसली असेल. ती डाळिंबी होती. तुमच्या पहिल्या पगारातली, म्हणाल्या. फोन दुपारी लागायचा होता, त्या सकाळपासून नेसून बसल्या होत्या. रंग कुठंच उतरलेला नाही. त्यांनी स्वतःच पदर उलटून दाखवला. आतून-बाहेरून एकच आहे.

आपला,
पदवीधर