आवाजावरून निवडलेला वकील

वकील निवडायचा म्हणून भावकू सकाळपासून बेळगावच्या कोर्टासमोर चिंचेखाली बसला होता आणि आत कोण किती मोठ्यानं ओरडतो ते कान देऊन ऐकत होता. अनगोळातलं घर तो विकणार होता. घेणारे मारुती मास्तर निपाणीचे, नुकतीच बेळगावच्या शाळेत बदली झालेले. "आमचे शरदराव वकील दोघांचंबी बघतील," असं मास्तर भाबडेपणानं म्हणाले होते. पण शेजारच्या ज्योतिबानं भावकूला बाजूला घेऊन बजावलं, "असलं ऐकू नगंस. घेनाऱ्याचा वकील घेनाऱ्याचा. आपला वकील आपन बघावा." सल्ला सोळा आणे खरा होता. फक्त वकील बघायचा म्हणजे त्याचं काय बघायचं, हे ज्योतिबानं सांगितलं नव्हतं.

दुपारच्या सुमाराला एक आवाज असा बाहेर आला, की चिंचेवरचे कावळे उडाले. तो चिंतामणराव वकिलांचा होता. भावकूनं त्यांना पायरीवरच गाठलं.

"वाद काय आहे?" चिंतामणरावांनी विचारलं.

"वाद न्हाय जी. मला घर इकायचं हाय, मास्तरास्नी घ्यायचं हाय."

"मग वकील कशाला? समोरून कोण आहे?"

"शरदराव."

चिंतामणरावांनी चष्मा काढून पुसला. "मग वाद आहे," ते म्हणाले.

वकिलांच्या खोलीत पंख्याखालची खुर्ची कुणाची, यावरून या दोघांचं बिनसलं होतं. घरं समोरासमोर, पण तोंडं दोन दिशांना. एकमेकांशी काही बोलायचं झालंच तर ते नोटिशीतून बोलत. बिचाऱ्या भावकूला यातलं काही ठाऊक नव्हतं. आपल्याला दणदणीत वकील मिळाला, या आनंदात तो अनगोळापर्यंत चालत गेला.

घर तसं बेताचंच. कॅम्पातल्या साहेबलोकांच्या बागा राखून राखून भावकूनं ते बांधलं होतं आणि परसात रुक्माबाईनं फणस लावला होता. रुक्माबाई गेली आणि घरात आवाज म्हणून राहिला नाही. भावकू तवा चुलीवर मुद्दाम आपटून ठेवायचा. एकदा शेजारचं मांजर आत आलं, तर त्यानं त्याला आग्रह करकरून दूध पाजलं. मांजर दूध प्यायलं आणि निघून गेलं. भिंतींना भावकू विटला नव्हता, माणसांसाठी त्याचा जीव तुटत होता. बोरगावची लेक "या" म्हणत होती. जावयाच्या दारात जाऊन राहायची त्याला लाज वाटायची, पण तिथं निदान माणसं होती. म्हणून घर विकायचं.

चिंतामणरावांनी पहिली नोटीस फणसावर काढली. घर विकलं म्हणजे झाड विकलं असं नव्हे. शरदरावांनी उलट कळवलं, की मग झाड उचलून न्यावं. त्यावर विहिरीच्या रहाटाचा प्रश्न निघाला, रहाटावरून पागोळ्यांचा आणि पागोळ्या कुणाच्या हद्दीत पडतात यावरून हद्दीचा. दोघांनीही आपापल्या पक्षकाराला एक गोष्ट मात्र अगदी सारखी सांगितली होती. घराच्या व्यवहाराबद्दल समोरच्या पार्टीशी थेट एक अक्षर बोलायचं नाही.

इकडं मास्तरांनी निपाणीची जागा सोडली होती. एके दिवशी भर उन्हात बैलगाडी अनगोळात येऊन उभी राहिली. गाडीत मास्तर, त्यांची बायको जयाबाई, आई मनुबाई, पोरं, पाळणा आणि जातं. कागद झाल्याशिवाय आत घेऊ नकोस, असं चिंतामणरावांनी भावकूला बजावून ठेवलं होतं. कसंही करून आत शिरा, असं शरदरावांनी मास्तरांना. भावकू दारात उभा राहिला. पाळण्याच्या कडेला बसलेलं पोरगं उन्हानं लालबुंद झालं होतं.

"आत या की," भावकू म्हणाला. "वकिलांचं वकील बघतील."

वकिलांनी बघितलंच. मास्तरांचं बिऱ्हाड मागच्या दोन खोल्यांत 'कोणाच्याही हक्काला बाध न येता' राहत आहे, असा दोन्हीकडून कागद झाला. आता एका घरात दोन चुली कशाला, म्हणून जयाबाईनं भावकूची चूल बंद केली. पहिल्या दिवशी तिनं त्याच्या ताटात झुणका वाढला, तेव्हा भावकू घास हातात धरून थबकला.

"काय झालं, आप्पा? तिखट हाय?"

"तसं न्हाय. ह्यानं कुनाच्या हक्काला बाध येत न्हाय न्हवं?"

"आला तर ताक घ्या वर," जयाबाई म्हणाली.

त्या दिवसापासून घरात जातं वाजायला लागलं. पोरं फणसावर चढायला लागली. मनुबाईला कमी ऐकू यायचं, त्यामुळं तिच्याशी कोण काहीही बोललं तरी सगळ्या घराला ऐकू जाई. भावकू पोरांना कलमं करायला शिकवायचा, मास्तर त्याला पेपर वाचून दाखवायचे. पावसापाण्यावर बोलणं व्हायचं, निपाणीच्या तंबाखूवर व्हायचं. घराचं नाव मात्र कुणी काढत नसे. चिंतामणरावांची नवीन नोटीस निघाली, की भावकूला हायसं वाटायचं. त्याला आता एकच धास्ती होती, हा वाद मिटतो की काय.

आणि वाद मिटला. चिंतामणरावांच्या लेकीचं, विनोदिनीचं, शरदरावांच्या मुलाशी लग्न ठरलं. तोंडं फिरवलेले दोघे व्याही झाले, पंख्याखाली आळीपाळीनं बसायला लागले आणि फणस, रहाट, पागोळ्या, हद्द सगळं एका बैठकीत निकालात निघालं. "उद्या रजिस्ट्रारच्या कचेरीत खरेदीखत," चिंतामणरावांनी आनंदानं सांगितलं. "अंगठा दे, की मोकळा झालास!"

भावकूला मोकळं व्हायचंच नव्हतं. घरी न जाता तो तसाच दुसऱ्या गल्लीत गेला. तिथं आण्णाप्पा वकील म्हणून एक नवीनच सनद घेतलेले गृहस्थ बसत. आवाज इतका मऊ, की कोर्टात न्यायाधीश पुढं वाकून ऐकत.

"वकीलसाहेब, एखादा वाद काढा," भावकू म्हणाला.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलबी. कागद झाला न्हाय पायजे."

आण्णाप्पांनी हातातला कागद बाजूला ठेवला. "तुम्हाला घर तुमच्याकडंच हवंय का?"

इतक्या महिन्यांत तुला काय हवंय, असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. भावकूचे डोळे भरून आले. "घर घेऊन काय करू? मला ती मानसं पायजेत. त्यांच्यात एक कोपरा पायजे."

"मग त्यांना विचारा की."

"कसं इचारू? कोर्टानं न्हाय म्हटलं तर वर अपील हाय. ती न्हाय म्हनली तर मी कुठं जाऊ?"

आण्णाप्पांनी हळूच टाक उचलला. "समोरच्यांचं नाव काय?"

"मारुती मास्तर. घर अनगोळातलं."

टाक खाली गेला. "मग मला तुमचं काम घेता येणार नाही. त्यांच्या घरच्या बाई सकाळीच येऊन गेल्या."

"हितं? काय म्हनल्या?"

"ते सांगता येत नाही."

"चांगलं हाय का वाईट?"

"तेही सांगता येत नाही," आण्णाप्पा म्हणाले. ते मघापासून हसत होते, ते भावकूला अजिबात आवडलं नाही.

सगळ्या रस्त्यानं तो मनात कुढत आला. आपल्याच पानात वाढते, आप्पा आप्पा करते आणि पाठीमागं तिसरा वकील! जयाबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. पोरं ताटं मांडत होती. भावकू उंबऱ्यातूनच बोलला.

"मी कवा अडून बसलो व्हतो गं? उद्या अंगठा देतो आनि बोरगावला जातो. मला भायेर काढायला नवा वकील कशाला?"

जयाबाईचा हात परातीत थांबला.

"काढायला न्हाय वो, आप्पा," ती म्हणाली. "ठेवायला."

भावकू उंबरा ओलांडून आत आला.

"शरदराव म्हनले, म्हाताऱ्याला ऱ्हा म्हनू नका, उद्या हक्क सांगंल. मला ते काय पटलं न्हाय. म्हनून दुसऱ्या वकिलास्नी इचाराया गेलते, आमच्या मानसाला आमच्यात ठेवून घ्यायला कसला कागद लागतोय? ते म्हनले, कागद लागत न्हाय, तुमी तोंडानं इचारा. सकाळधरनं धीर करतेय बघा." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "ऱ्हातासा न्हवं?"

'हो' अगदी भावकूच्या ओठांवर आलं होतं. पण इतके दिवस वकिलांच्या संगतीत काढलेला माणूस, एकदम हो कसं म्हणणार? "मला इचार कराया येळ पायजे," तो म्हणाला.

"घ्या की येळ. भाकरी तेवढी निवतीया."

भावकूनं विचार केला. पाट ओढून त्यावर बसेपर्यंत तो करूनही झाला.

"ऱ्हातो," तो पुटपुटला.

"काय म्हनतोय?" मनुबाईनं कानाला हात लावून विचारलं.

मग त्याला ते परत मोठ्यानं म्हणावं लागलं, आणि परत म्हणताना त्याला फार बरं वाटलं.