न वाजलेल्या कॉलचा तपास

"माझ्या नजरेतून आजवर एकही बग सुटलेला नाही," असं आमचे सर स्वतःविषयी सांगतात. सुटलेले बग त्यांच्या नजरेसच पडलेले नसल्यामुळे हे विधान खोडून काढता येत नाही. ऑफिसात सगळे त्यांना 'सुगावा' म्हणतात. त्यांना ती पदवी वाटते. दुसरा अभिमान एकाग्रतेचा. "माझा फोन बघ. दिवसभर टिंग नाही की टुंग नाही. कुठल्याही अ‍ॅपला मी तोंड उघडू देत नाही." मी त्यांची टेस्टर. अ‍ॅप बिघडलंय हे दाखवणं माझं काम, कुणी बिघडवलं हे शोधणं त्यांचं.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटने घरून बटण दाबायचं आणि ड्यूटीवरच्या नर्सचा फोन वाजायचा, एवढंच आमचं अ‍ॅप. चार वाजता हॉस्पिटलच्या मेट्रन ते बघायला येणार होत्या. फोन वाजला तर काम आमचं. नाही वाजला तर आमची तिघांची टीम बंद, हे मालकांनी सकाळीच गोड शब्दांत सांगितलं होतं. अकरा वाजता मी पेशंटच्या फोनवरून बटण दाबलं. नर्सचा म्हणून सरांनी काल अ‍ॅप घालून ठेवलेला फोन टेबलावर ढिम्म.

"कुणीही जागेवरून हलायचं नाही!" सुगावा गरजले. खोलीत आम्ही दोघंच होतो.

पहिला संशयित आमचा तिसरा गडी, सर्व्हरवाला. तो घरून काम करतो, म्हणजे पसार आहे.

"काल सर्व्हरला कुणी हात लावला?" सुगावांनी फोनवर दरडावलं.

"मी. पगार त्याचाच मिळतो."

त्याने नोंदी पाठवल्या. प्रत्येक कॉल नर्सच्या फोनपर्यंत पोचला होता.

"पोचला, पण वाजला नाही," सुगावा डोळे बारीक करून म्हणाले. "आतल्या माणसाचा हात आहे."

मग बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगवर आळ आला. ते बंद केलं, फोन गप्प. मग फोनच्या वयावर. "नवा आहे. नव्यांना शिस्त नसते." प्रत्येक आरोपानंतर ते अ‍ॅप काढून टाकत आणि स्वतःच्या हाताने नव्याने घालत.

"सर, मी एकदा बघू का?"

"बोटांचे ठसे बिघडतील."

साडेतीनपर्यंत संशयितांत पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्हही जमा झाला होता.

मेट्रन दहा मिनिटं आधीच आल्या. पर्स मांडीवर ठेवून बसल्या. सुगावा सातव्यांदा अ‍ॅप काढत होते.

"सिस्टर, जरा तांत्रिक बाब आहे, तुम्हाला कळायला थोडी..."

"चालू द्या. मी आधी बघते, मग बोलते."

अ‍ॅप पुन्हा आलं. सुगावांनी ते उघडलं.

"थांबा. आत्ता काय दाबलंत?"

"कुठे काय?"

"काहीतरी विचारलं होतं त्याने. मी वाचायच्या आत तुम्ही अंगठा मारलात."

"ते होय! नोटिफिकेशन दाखवू का, म्हणून सगळीच अ‍ॅपं विचारतात. मी डोळे मिटून 'नको' दाबतो. शिस्त आहे ती."

मी छताकडे बघितलं.

"आणि तुमचा कॉल," मेट्रननी शांतपणे विचारलं, "नोटिफिकेशनमधूनच येतो ना?"

सुगावांचा अंगठा हवेतच राहिला. मेट्रननी फोन घेतला, सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिली. मी बटण दाबलं. फोन असा खणखणला की सुगावा खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"काम तुम्हाला देते," मेट्रन म्हणाल्या, "पण माझ्या नर्स मुलीही घाईत हेच करतील. त्यांचे हात कधी रिकामे नसतात. म्हणून आधी स्पष्ट लिहा: 'नको म्हटलंत तर पेशंटची हाक ऐकू येणार नाही.' मग विचारा. आणि चाचणीचा फोन ह्यांच्या हातात देऊ नका."

"अगदी हाच धोका सिद्ध करायला मी सकाळपासून..."

"सात वेळा, सर?" मी विचारलं.

संध्याकाळी सुगावांनी अहवाल टाइप केला. 'कारण: मानवी चूक. मानव: शोध चालू.' पानभर मजकूर झाल्यावर समाधानाने फाइल बंद करायला गेले, तर कॉम्प्युटरने विचारलं, 'बदल जतन करायचे का?'

सुगावांनी न वाचता 'नको' दाबलं.