चीजचं नाक

पैज लागली ती लोखंडी गोळ्या फेकायच्या खेळाच्या मैदानावर, चिनाराच्या सावलीत, भर दुपारी. लावणारे दोघेही शुद्धीत होते, हे आणखी वाईट.

"शनिवारी सिनेमा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत माझ्या तोंडातून एक शब्द निघणार नाही," लेओन्स म्हणाला.

"तुझ्या?" त्याचा शेजारी बर्नाबे इतका हसला की हातातली लोखंडी गोळी पायावर पडता पडता वाचली. "अरे, तू टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईशी भांडतोस! भिंतीतून ऐकू येतं आम्हाला."

"बोललो तर रविवारी सगळ्यांसमोर फॅनीचा मुका घेईन. नाही बोललो तर तू घ्यायचा."

आजूबाजूचे खेळ थांबले. फॅनी म्हणजे क्लबच्या भिंतीवर पडद्याआड टांगलेली लाकडी फळी. तिच्यावर एका बाईची पाठ रंगवलेली, आणि पाठीपेक्षा पाठीच्या खालचा ऐवजच जास्त. जो खेळात तेरा-शून्यने, म्हणजे एकही गुण न मिळवता हरेल त्याने गुडघे टेकायचे आणि त्या ऐवजावर ओठ टेकायचे. सगळं गाव बघतं, टाळ्या पिटतं आणि वर्षभर आठवण करून देतं. चाळीस वर्षं खेळून लेओन्सचे गुडघे अजून कोरे होते. याचा त्याला इतका माज होता की बर्नाबेला झोप लागत नसे.

म्हणून शुक्रवारी सकाळी बर्नाबे कुंपणावरून वाकला. पलीकडे लेओन्सची बायको सोलांज शेंगा मोडत बसली होती.

"वहिनी, उद्या सिनेमात तुमच्या नवऱ्याला जरा बोलतं करा ना. काहीही करा. चिमटा काढा."

"बघते," सोलांज म्हणाली आणि एक शेंग जरा जास्तच जोरात मोडली.

सिनेमा पॅरिसचा होता. एकोणतीस वर्षं एकत्र राहिलेलं जोडपं वेगळं होतं, एवढीच गोष्ट. आमच्याकडे एक ताट फुटलं की हे काम उरकतं, त्यांना दोन तास लागतात. शनिवारी चार वाजता थिएटरातले दिवे मालवले. दिग्दर्शक स्वतः पहिल्या रांगेत, भर जूनमध्ये गळ्यात मफलर. नंतर चर्चा होती ना.

पहिला पाऊण तास पडद्यावर कुणी बोललंच नाही. नवरा खिडकीतून बाहेर बघतो. बायको नवऱ्याकडे बघते. मग नवरा दुसऱ्या खिडकीतून बघतो. लेओन्सने रुमालाचा बोळा दातांत धरला होता. मान लाल झाली होती, पण आवाज नाही. मागच्या रांगेतल्या बर्नाबेला घाम फुटायला लागला.

मग पडद्यावर जेवण आलं. जेवणानंतर चीज आलं, पांढरं, मऊ, त्रिकोणी. नवऱ्याने सुरी घेतली, त्रिकोणाचं टोक सरळ आडवं उडवलं आणि स्वतःच्या तोंडात टाकलं.

"अरे ए!" अख्खं थिएटर ओरडलं.

ओरडणारच. टोक सगळ्यात मऊ, सगळ्यात चविष्ट. म्हणून काप बाजूने लांब काढायचा, की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं टोक, थोडी साल येते. टोक उडवणं म्हणजे चीजचं नाक कापणं. आमच्याकडे पोरं हे आधी शिकतात, चालायला नंतर.

"हाकला त्याला घरातून!"

"बरोबर सोडतेय ती बाई!"

"चीजसाठी एकोणतीस वर्षं मोडतात का?"

"मोडतात! मोडायलाच पाहिजेत!"

दिग्दर्शक उठला. "मंडळी, शांत व्हा. ते चीज एक प्रतीक आहे."

"प्रतीक?" बाजारात चीज विकणारी ओदेत खुर्चीवर चढली. "बत्तीस वर्षं चीज विकतेय मी, मला शिकवतोस? ते चीज आहे, आणि तुझ्या त्या माणसाने त्याचा खून केलाय!"

कोणीतरी मफलरवर ऑलिव्हची बी फेकली. मशीनवाल्याने घाबरून सिनेमा थांबवला. दिवे लागले.

आणि त्या उजेडात सोलांज उभी राहिली.

"त्या नटाला कशाला शिव्या देता?" तिने शेजारी बोट दाखवलं. "हा माझ्या टेबलावर एकतीस वर्षं नाक कापतोय!"

थिएटरने श्वास आत घेतला. सगळ्या माना लेओन्सकडे वळल्या. लेओन्सने तोंड उघडलं, मागे बर्नाबे बसलाय हे आठवलं आणि मिटलं.

"गप्प बसलाय! म्हणजे खरं आहे!" ओदेत किंचाळली. "मंगळवारपासून माझ्या चीजच्या गाडीसमोर उभा राहायचं नाही!"

"सिनेमा संपलेला नाही हं," बर्नाबे मागून कुजबुजला. "फक्त थांबलाय."

लेओन्सने दोन्ही हातांनी खुर्ची आवळली.

"चीज गेलं खड्ड्यात," सोलांज म्हणाली. आता तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणून थिएटर गप्प झालं. "तू टीव्हीशी बोलतोस. गोळ्यांशी बोलतोस, 'ये गं बाई, अजून जरा ये' म्हणतोस त्यांना. कुत्रा मेला तरी त्याच्या फोटोशी बोलतोस. माझ्याशी शेवटचं कधी बोललास? मीठ मागण्याव्यतिरिक्त?"

लेओन्सने रुमाल पुन्हा तोंडात कोंबला.

"एक शब्द बोल. मी निघाले तर तू पण खिडकीतूनच बघणार का?"

सोलांजने भर जूनमध्ये आणलेला कोट उचलला, रांगेतल्या गुडघ्यांवरून वाट काढली आणि दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"थांब!" रुमाल तीन रांगा पुढे जाऊन पडला. "सोलांज, थांब! जाऊ नको! टोक काय, अख्खं चीज घे तू! मी सालं खाईन! मला वाटायचं तुला माहीतच आहे सगळं, मग बोलायचं काय? तू गेलीस तर मी हवामानवाल्या बाईशी भांडून कुणाला सांगू?"

"हरला!" बर्नाबे खुर्चीवर नाचला.

सोलांज दारात उभी राहिली. मग कोट तसाच हातात धरून परत आली आणि बसली. उरलेला सिनेमा कुणी पाहिला नाही. लेओन्स बोलत होता.

रविवारी अकरा वाजता क्लबसमोर गर्दी मावेना. ओदेत तर चीजची गाडी बंद करून आली होती. बर्नाबेने घंटा वाजवली आणि पडदा सरकवला. फॅनी आपला रंगवलेला ऐवज घेऊन हजर. लेओन्स चाळीस वर्षांचे कोरे गुडघे टेकून खाली बसला. गावाने टाळ्यांचा ठेका धरला.

बर्नाबे फुगून सोलांजजवळ सरकला. "मानलं वहिनी! मी नुसतं बोलतं करा म्हटलं, आणि तुम्ही काय नाटक वठवलंत! तो कोट, ते दार!"

"कसलं नाटक?" सोलांज म्हणाली. "माझी भरलेली बॅग आमच्या मोटारीत होती. अजून आहे. उद्या काढून घरात ठेवीन म्हणते."

बर्नाबेच्या हातातली घंटा वाजायची थांबली. टाळ्याही थांबल्या. लेओन्सने गुडघ्यांवरच मान वळवून बायकोकडे पाहिलं.

मग त्याने फॅनीचा मुका घेतला. आणि कुणी मागितला नसताना, दुसऱ्या बाजूलाही एक.