मागच्या घरचे पुंडलिकभाऊ

आमच्या मोहर्लीत कुणाची जागा चढ्या भावानं विकली गेली, की पुंडलिकभाऊंची दाढ दुखायला लागते. खोटं सांगत नाही. दुपट्टा हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधतात, माझ्या शिलाई मशीनसमोर येऊन बसतात आणि कण्हत विचारतात, "रफिकभाऊ, लवंग हाय का?" मी लवंग देतो आणि समजून जातो, की कुठंतरी सौदा झाला.

वाघ बघायला येणारे पाहुणे वाढले, रिसॉर्टं वाढली, तसा त्या दाढेला आराम राहिला नाही. एरवी माणूस साधा, मासेमारी करणारा, बायको वारल्यापासून एकटा. पण कुणाच्याही घरी गेले की आधी छप्पर बघणार, मग पायाखालची फरशी, आणि तोंड वाकडं करून विचारणार, "काय भाव चालू हाय म्हणे इकडं?" एकदा मयतीला गेले, तर तिरडीला खांदा देता देता शेजारच्याला हळूच म्हणाले, "कोपऱ्याची जागा हाय ना बाप्पा ही?"

खरी जळफळ मात्र एकाच नावानं होती, वामनभाऊंच्या. दोघं पोरवयापासून एकाच डोंग्यात बसून तलावात जाळं टाकायचे. घरंही एकाला एक लागून. फरक इतकाच, की वामनभाऊंचं घर रस्त्यावर, आणि पुंडलिकभाऊंचं त्याच्या मागे. पूर्वी रस्त्यावरचं घर म्हणजे नुसती धूळ. वामनभाऊंची बायको दिवसभर भांडी पुसत बसायची आणि पुंडलिकभाऊ हसायचे. मग त्याच धुळीला भाव आला.

"रस्ता त्याच्याच दाराशी काऊन आला, रफिकभाऊ? माया दाराशी यायले काय झालं होतं त्याले?"

माझं दुकान वामनभाऊंच्याच पुढच्या खोलीत, भाड्यानं. भाव चढला की घरमालक मिशीला पीळ देतो आणि मी भाडं कधी वाढतं याची धास्ती घेतो. हेवा मलाही होताच. फक्त माझी दाढ शाबूत होती.

एक दिवस नागपूरचे कुणी साहेब पांढऱ्या गाडीतून वामनभाऊंची जागा बघायला आले. पुंडलिकभाऊंनी त्यांना हातपंपाजवळ गाठलं.

"जागा चांगली हाय साहेब, पर अस्वल येते. मागं परसातच येऊन बसते."

साहेबांचे डोळे चमकले. "खरंच? म्हणजे पाहुण्यांना खोलीच्या खिडकीतून दिसेल?"

भाऊंना वाटलं, माणूस अजून घाबरला नाही. "दिसते म्हणजे? पिल्लं घेऊन येते!"

साहेबांनी तिथल्या तिथं भाव वाढवला. संध्याकाळी वामनभाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन मागच्या दारी हजर. "पुंडल्या, तुया अस्वलानं मायं कल्याण केलं बे!"

त्यानंतर भाऊंनी किती लवंगा चघळल्या ते विचारू नका.

वामनभाऊंनी घर विकलं, सगळा पैसा घालून मुलाच्या नावानं चंद्रपूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी मशीन उचलून बस स्टँडजवळ टिनाच्या शेडमध्ये आलो. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा सारी गल्ली जमली होती. पुंडलिकभाऊ तेवढे बाहेर आले नाहीत. मी म्हटलं, जळतोय म्हातारा.

पुढं त्या जागेवर झालेल्या रिसॉर्टला गाड्या उभ्या करायला जागा हवी झाली, आणि तेच साहेब मागच्या घराचा भाव विचारत आले. भाव असा, की ऐकून मला स्वतःला लवंग लागावी. आता हाही चालला, आणि आपण राहिलो शेडखाली! मनात नुसती आग. तेवढ्यात कळलं, भाऊंनी नाही म्हटलं.

मी थेट त्यांच्या घरी गेलो. "भाऊ, जन्मभर ज्याची वाट पाह्यली ते दारात आलं, अन् तुमी नाई म्हनता?"

"वामन्याचा फोन येते रोज," ते जाळं दुरुस्त करत, वर न बघता म्हणाले. "करमत नाई त्याले तिथी. झोप लागत नाई. लिफ्ट बंद पडली का वरच अडकून राह्यते. वापस यायचं म्हनते, येडा. अन् येईन कुठी? आता त्याच्याच गावात त्याले कोंबड्याचा खुराडा घेनं होत नाई."

"मग?"

"मग काय? मी बी विकलं, तं थो येईन कुठी?" आणि लगेच चिडून म्हणाले, "मूर्ख हाय साला!"

पुढच्याच आठवड्यात बायकोला मुलाकडं ठेवून वामनभाऊ एकटेच बसमधून उतरले, हातात एक पिशवी. त्यांचा एक सदरा माझ्याकडं शिवायला पडून होता, तो द्यायला मी दुपारी पुंडलिकभाऊंकडं गेलो. मागच्या खोलीला ताजा चुना, नवी नवार विणलेली खाट, आणि खाटेवर वामनभाऊ तोंड उघडं टाकून घोरत पडलेले. उंबऱ्यावर पुंडलिकभाऊ काठी घेऊन बसले होते. एक कोंबडी आरडत अंगणात शिरली, तिला त्यांनी आवाज न करता, नुसती काठी हलवून हाकललं.

मी "भाऊ" म्हणून हाक मारली, तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"हळू, रफिकभाऊ. लय दिवसानं झोपला थो."