गुप्तेकाकांची चरबी

आमच्या शेजारच्या गुप्तेकाकांनी माझी पहिली स्तुती केली तेव्हा माझ्या हातात स्टीलची वाटी होती, आणि ती मी त्यांच्या टाळक्यात घालणार होते. अंबरनाथ पश्चिमेला आम्ही नुकते राहायला आलो होतो. मी विरजण मागायला गेले आणि बोलता बोलता गॅसवाल्याचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला. काका कौतुकाने म्हणाले, "ताई, तुमच्या डोक्यात चरबी भरपूर आहे हो."

मी काही गरीब गाय नाही. चांगलं सुनावणार होते, तेवढ्यात त्यांच्या बायकोने, सुलभाकाकूंनी, माझा हात धरला. ही यांची शाबासकी आहे, मनावर घेऊ नका, म्हणाल्या.

काकांचा जन्म एमआयडीसीतल्या साबणाच्या कारखान्यात तेलं आणि चरब्या तपासण्यात गेला. रिटायर झाल्यावर लोक गीतापाठ धरतात, यांनी मेंदू धरला. मेंदूतलं पाणी काढून टाकलं तर उरतं त्यात निम्म्याहून जास्त चरबीच, हे त्यांनी वाचलं आणि काकूंच्या जुन्या शिवीला उत्तर सापडलं. काका ताटावर बसले की आधी प्रत्येक पदार्थाचा वास घेणार. काकू लग्न झाल्यापासून त्यावर म्हणायच्या, "चरबी चढलीय तुम्हाला." आता काका खुशीत म्हणायला लागले, "चढू दे, डोक्यात चढलेली चांगली."

वास घ्यायची खोड मात्र गेली नाही. माझ्या दिवाळीच्या चिवड्यात दरवर्षी आधी त्यांचं नाक जायचं. 'खवट' हा त्यांच्या मते भाषेतला सगळ्यात वाईट शब्द. हवा लागून तेल खवटतं, तशीच डोक्यातली चरबीही गाजावाजा न करता खवटते, हे ऐकल्याशिवाय त्यांच्या घरी चहा मिळत नसे. एकदा मासळीबाजारात त्यांनी कोळणीला विचारलं, चरबी आहे का अंगात? विचारलं होतं बांगड्याबद्दल. ती कोयता घेऊन उभी राहिली तेव्हा काकूंनीच सोडवून आणलं.

सोसायटीतले म्हातारे त्यांच्याकडे आपल्या विसराळूपणाचा निकाल लावून घ्यायला यायचे. काकांचा नियम साधा. नाव उशिरा आठवलं तर ते वय. मेंदूतल्या वायरींवरचं चरबीचं आवरण वयाने जरा विरतं, निरोप रेंगाळतो, पण पोचतो. समोरचं माणूस कोण हेच कळेना, तर मात्र आजार. तोंडदेखलं बोलणं नाही, कुणाची भीड नाही.

मग काकूंनी आमटीत मीठ दोनदा घातलं. काका म्हणाले, वय. देवळातून येताना त्या भलत्याच बिल्डिंगीत शिरल्या. वय, सगळ्या बिल्डिंगी सारख्याच रंगवल्यात मेल्यांनी. दूध म्हणून त्यांनी तेल तापवलं, तेव्हाही वयच. एवढा कडक माणूस, पण घरचा निकाल लावताना कच खात होता. मेंदूला चांगली चरबी मिळावी म्हणून जवसाची चटणी, अक्रोड, दिवसाआड बांगडा असा मारा सुरू झाला. काकू अक्रोड सोफ्याच्या गादीखाली लपवायच्या आणि वर बसल्या की कुरकुर आवाज यायचा.

शेवटी कल्याणच्या डॉक्टरांकडे मीच सोबत गेले. त्यांनी आजार म्हणून सांगितलं. परत येताना काकू रिक्षात झोपल्या होत्या. काहीतरी धीर द्यावा म्हणून मी अक्रोडांचं काढलं, तर काका हळूच म्हणाले, "ताई, खवटलेलं तेल परत ताजं होत नाही. माझा जन्म गेलाय त्यात." दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते पिशवी घेऊन बांगडा आणायला निघालेले दिसले. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर काकूंचं बोलणं हळूहळू बंदच पडलं. काका भरवत, वेणी घालत, एकटेच बोलत.

परवा मी बेसनाचे लाडू घेऊन गेले. काकांनी सवयीने एक उचलला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. काकूंनी मान वर केली. काकांकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि मला म्हणाल्या, "या गृहस्थांना चरबी चढलीय."

मी हबकले. काका लाडू तसाच हातात धरून खाली बसले. हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी कोण ते गेलं, ताई," ते म्हणाले. "पण माझ्यावरचा राग आहे अजून."

जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी जरा लाजतच विचारलं, उद्या पुन्हा काही आणता येईल का, काहीही चालेल. मी काल शिरा नेला. काकांनी वाटी नाकाशी धरली, तोंड वाकडं केलं, आणि काकूंकडे बघत तसेच थांबून राहिले.