वाघमाऱ्यांचा पडदा

आमच्या कंपनीतले वाघमारे भेटले की नमस्कार करत नाहीत, थेट मनगट धरतात. हातात स्मार्टवॉच असेल तर त्याचा उजेड कमी करतात, डायल बदलतात आणि मगच विचारतात, "काय, बरंय ना?"

वर्षभरापूर्वी मी चाकणला क्वालिटी खात्यात लागलो, तेव्हापासून आमची टेबलं शेजारी आहेत. चिंचवडहून कंपनीच्या बसमध्येही ते माझ्याच शेजारी बसतात. तेव्हा माझे हाल कुणाला सांगायची गरज नसावी.

"एकच चित्र सारखं दाखवलं की पडदा जळतो, राव. आकडे कायमचे उमटतात," असं ते रोज ऐकवतात. पडदा चार वर्षं टिकायचा तो दोन वर्षांत जातो म्हणे, कारण आपण त्याला दिवसभर जागवतो. नवीन कुणी भरती झालं की त्याला कँटीनच्या टीव्हीसमोर उभं करतात. त्यावर न्यूज चॅनलची पट्टी कायमची उमटली आहे. "बघा, बातमी गेली, पट्टी राहिली."

एकदा कस्टमरचं ऑडिट होतं. पार्ट किती मिनिटं टेस्टवर आहे, असं मॅनेजरने मला विचारलं. मी रुबाबात मनगट वर केलं, तर घड्याळात एक मांजर डोळे मिचकावत होतं. आकडा एकही नव्हता. सकाळी बसमध्ये मला डुलकी लागली तेव्हा वाघमाऱ्यांनी डायल बदलली होती. मी त्यांच्यावर भडकलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, मांजर हलतं, म्हणून ते पडद्याला चांगलं. त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. ते बोलतच होते.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी ते पिंपरी कॅम्पात मोबाइलच्या दुकानात दिसले. मी वळणारच होतो, पण मनगट सापडलं. त्यांनी एक जुना फोन बॅटरी बदलायला आणला होता. दुकानदाराने बॅटरी घातली, फोन चालू केला आणि म्हणाला, "काका, डिस्प्ले पण बदला. पूर्ण जळलाय."

"नको. तो राहू द्या."

मला हसूच आलं. दुनियेला शिकवणाऱ्याचा स्वतःचाच पडदा जळला होता. मी मुद्दाम वाकून बघितलं. पांढऱ्या पडद्यावर फिकट, मोठी अक्षरं होती : सुमन, कामावर गेलोय. सहाला येतो.

बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून बायकोच्या लक्षात काही राहत नव्हतं. दिवसा शेजारीण बघायची, पण ही सारखी घाबरून विचारायची, हे कुठे गेले. म्हणून त्यांनी तिच्या उशाशी हा फोन उभा करून ठेवला होता, दिवसभर चालू. असं दीड वर्ष चाललं. ती जाऊन आता दोन वर्षं झाली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "वाचून धीर येत असेल त्यांना."

"येत असेल," ते म्हणाले. "पण सहाला मी एकदाही पोचलो नाही, राव. चाकणच्या ट्रॅफिकमधून घरी यायला सात, साडेसात. दार उघडलं की विचारायची, वाजले का सहा? मी म्हणायचो, हे काय, आत्ताच वाजले."