रबर काय म्हणतंय?

विकायला काढलेल्या जुन्या गाडीचा फोटो मोबाइलवर आला की तुम्ही-आम्ही काय बघतो? रंग बघतो, किंमत बघतो, फार तर टायर बघतो. आमच्या समोरच्या ब्लॉकमधले दळवीकाका यातलं काही म्हणजे काही बघत नाहीत. ते चष्मा कपाळावर सरकवतात, मोबाइल नाकाला लागेल इतका जवळ धरतात, दोन बोटांनी फोटो मोठा मोठा करत थेट ड्रायव्हरच्या पायाशी पोचतात आणि म्हणतात, "मीटर सोड. रबर काय म्हणतंय?"

रबर म्हणजे पेडलवरचं. क्लचवर, ब्रेकवर ते काळं, रेघारेघांचं टोपण असतं ना, ते. माझा नवरा नितीन कंपनीची गाडी बारा वर्षं चालवतोय, पण पेडलला रबर असतं याकडे त्याचंही त्या दिवशी पहिल्यांदाच लक्ष गेलं. आम्हाला सेकंडहँड गाडी घ्यायची होती आणि नितीनने मोठ्या उत्साहाने काकांना एक पांढरीशुभ्र गाडी दाखवली होती. बत्तीस हजार किलोमीटर, किंमत दोन लाख चाळीस.

"बत्तीस हजार?" काका म्हणाले. "रबर म्हणतंय सव्वा लाख. हे बघ, ब्रेकच्या रेघा पार गुळगुळीत. बत्तीस हजारात एवढं झिजायला हा काय ब्रेकवर उभा राहून फुगडी घालत होता? एक पासष्ट. त्याच्या वर गेलास तर मला सांगू नकोस."

नितीनचा चेहरा पडला. मला मात्र मनातून फार बरं वाटलं, कारण ती पांढरी गाडी मला मुळातच आवडली नव्हती.

काकांचं हे वेड हवेतून आलेलं नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रबराच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणून काढली. वायसर, पट्टे, नळ्या, काय असेल ते अंगठ्याने दाबायचं आणि पास की नापास ते सांगायचं. काका रिटायर झाले, अंगठा काही रिटायर झाला नाही. आमच्या दाराबाहेरच्या चपलासुद्धा ते उलट्या करून बघतात. एकदा माझ्या सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, डावी टाच जास्त झिजलेय. गुडघा दाखवून घ्या." परक्या पुरुषाने आपली चप्पल उचलून बघितली म्हणून सासूबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात डाव्या गुडघ्याला पट्टा आला, आणि मग तर अजिबातच बोलेनात.

जाहिरातींची भाषा काकांनी कोळून प्यायलेली. 'लेडी ड्रिव्हन' असं दिसलं की म्हणायचे, "म्हणजे बाईंनी एकदा गाडीपुढे नारळ वाढवलाय." 'परदेशी जायचे असल्याने अर्जंट सेल' असेल तर, "हा दिवाळीपासून परदेशी जातोय. विमान लेट आहे वाटतं." आणि 'एकही ओरखडा नाही' म्हटलं की काका हसायचेच. "ओली गाडी आहे, शिल्पा. धुतली आणि न पुसता फोटो काढला. पाण्याखाली ओरखडे दिसत नाहीत. तिला जरा ऊन दाखवू दे, मग बोलू."

हे सगळं फुकट हं. बिल्डिंगमध्ये कोणीही गाडी घ्यायची म्हटलं की आधी काकांचा अंगठा. एक कप चहा, तोही अर्धा.

एका रविवारी आम्ही त्यांना घेऊन टिटवाळ्याला गेलेलो. नवीन टॉवर, तळमजल्याला पार्किंग, आणि गाडीचा मालक असा गोड बोलणारा की मला तर वाटलं हा आता गाडीबरोबर जेवायलाही घालतो. "चाळीस हजारसुद्धा झाली नाही हो गाडी, देवळात न्यायलाच काढतो," असं त्याचं चालू होतं. काकांनी ड्रायव्हरचं दार उघडलं, गुडघ्यांवर बसले आणि अर्धे आत गेले. बाहेर फक्त पॅन्ट आणि सँडल. वॉचमन धावत आला, "बाबांना काय झालं? पाणी आणू?"

आतून आवाज आला, "नवीन रबर!"

मग काका बाहेर आले, कपडे झटकले आणि त्या मालकाला शांतपणे म्हणाले, "साहेब, पेडलचं रबर हौसेने बदलणारा माणूस मी आजवर बघितला नाही. माणूस सीट कव्हर बदलेल, म्युझिक बदलेल. रबर कोण बदलतो? ज्याला जुनं रबर लपवायचंय तो. मीटर मागे केलंय तुम्ही."

"अहो काका, काहीतरीच काय! आधी चालवून तर बघा!"

"मला गाडी चालवता येत नाही," काका म्हणाले.

मालक आमच्याकडे बघायला लागला. आम्हाला यात नवीन काही नव्हतं. चालवणं हे काकूंचं खातं होतं.

मंदाकाकू आमच्या बिल्डिंगमध्ये पाळणाघर चालवायच्या. दुसऱ्यांची पोरं सांभाळून साठवलेल्या पैशांतून त्यांनी बावन्नाव्या वर्षी लाल रंगाची छोटी गाडी घेतली, तीही कोरी करकरीत, आणि त्याच वर्षी चालवायला शिकल्या. काकांना शिकवायचा प्रयत्न झाला म्हणतात, पण ते दर चढाला इंजिनाची काळजी करत थांबायचे. शेवटी काकू म्हणाल्या, "तुम्ही बाजूला बसा आणि रबर तपासा." तेव्हापासून काका कायम डावीकडे.

काकू गाडी अनवाणी चालवायच्या. चपला काढून काकांच्या पायाशी ठेवायच्या. आणि डावा पाय कायम क्लचवर! गाडी गेटातून निघाली की आख्ख्या बिल्डिंगला ऐकू यायचं, "क्लच सोड, मंदा! प्लेट जाईल!" आणि त्यावर काकूंचं ठरलेलं, "अहो, तुम्ही गप्प बसा!" खडवलीला नदीवर जाऊ देत नाहीतर कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला, सुरुवात याच दोन वाक्यांनी. आम्ही गॅलरीतून हसायचो. नितीन तर मला चिडवायला घरातही म्हणायचा, "क्लच सोड, शिल्पा."

चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. ताप काय आला, आठवड्यात सगळं आटोपलंच.

गाडी कंपाउंडमध्ये कव्हर घालून उभी राहिली. दर रविवारी सकाळी काका किल्ली घेऊन आमच्याकडे यायचे आणि नितीन खाली जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचा. काका डावीकडे बसायचे. ड्रायव्हरच्या सीटवर ते एकदाही बसले नाहीत. आमच्यासाठी त्यांनी अकरा गाड्या नापास केल्या आणि बारावी पास केली, ती आज तीन वर्षं कुरकुर न करता चालतेय. पण मधल्या काळात मी एकदा विचारलं होतं, "काका, तुमचीच द्या ना आम्हाला." तर म्हणाले, "क्लच प्लेट संपलेय हिची. शेजाऱ्यांना असला माल देत नाही मी." विषय बंद.

मग यंदा बिल्डिंग पाडून नवीन बांधायचं ठरलं. सगळ्यांनी भाड्याच्या घरांत जायचं आणि महिनाअखेरीला बिल्डर कंपाउंडला पत्रे ठोकणार. काकांना जागा मिळाली कल्याणला, तिसऱ्या मजल्यावर, पार्किंग नाही. म्हणजे त्याआधी लाल गाडीला घर शोधायचं, नाहीतर भंगार. भंगारवाला तर दोनदा कव्हर उचलून बघून गेलेला. काकांनी त्याला जवळजवळ काठीच दाखवली. "चालती गाडी आहे! चालवणाऱ्यालाच द्यायची!"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या जाहिराती फाडणाऱ्या माणसाने स्वतःची जाहिरात काय लिहावी? मी वाचली आणि कपाळावर हात मारला. 'क्लच प्लेट गेलेली. डाव्या दारातून पावसात पाणी येते. एसी आवाज करतो, गारवा देत नाही. चौदा वर्षे जुनी. चालक उत्तम होता.'

"काका, अहो, कोण येणार हे वाचून?"

"खरं आहे ते."

"खरंच आहे हो! पण थोडं नंतर सांगा की!"

पंधरा दिवस एक फोन नाही. शेवटी मीच पुढाकार घेतला. नितीनला गाडी गॅरेजला न्यायला लावली, क्लच प्लेट नवीन टाकून घेतली, जाहिरात मी लिहिली. त्यातही 'पावसात पाणी येते' हे काकांनी काही काढू दिलं नाही. किंमत पासष्ट हजार. काकांनी स्वतःच्या गाडीलाही एक रुपया चढवला नव्हता.

पत्रे ठोकायला तीन दिवस उरले होते, तेव्हा खडवलीहून सुवर्णा आली. पस्तिशीची, खणखणीत बाई. घरी डबे करते, कल्याणपर्यंत पोचवते, रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या करून कंटाळलेली. नुकतीच गाडी शिकलेली. सोबत तिचा दीर, गॅरेजवाला. सुवर्णाने गाडीभोवती चक्कर मारली, मागची जागा वितीने मोजली आणि म्हणाली, "माजे डबे बसतील यात." मला ती तिथल्या तिथे आवडली. काकांनाही आवडली असावी, कारण त्यांनी तिच्या चपलेकडे बघून मान हलवली.

तेवढ्यात दिराने ड्रायव्हरचं दार उघडलं, गुडघ्यांवर बसला आणि अर्धा आत गेला. बाहेर फक्त पॅन्ट आणि बूट. मला हसू फुटणार होतं, तोच आतून आवाज आला, "काका, हे काय? मीटर एकेचाळीस हजार आणि क्लचचं रबर कोरं? गेम केलाय तुम्ही. मीटर फिरवलंय!"

मी तर गारच पडले. वाकून बघितलं. ब्रेकचं रबर जुनं, क्लचचं नवंकोरं, चकचकीत. नितीनकडे बघितलं, त्याने खांदे उडवले. दळवीकाकांना कोणीतरी चोर म्हणत होतं, तेही रबरावरून!

"अहो, तोंड सांभाळून बोला!" मी उसळले. "हा माणूस कोण आहे माहीत आहे का तुम्हाला? एकेचाळीस हजार म्हणजे एकेचाळीस हजारच, सगळे सर्व्हिसचे कागद आहेत, थांबा मी..."

काकांनी हात वर करून मला थांबवलं. "त्याचं बरोबर आहे, शिल्पा. नवीन रबर बघून मीही हेच म्हटलं असतं." मग दिराकडे वळले. "किती म्हणता?"

"पन्नास."

"मी पंचेचाळीस म्हटलं असतं," काका म्हणाले. "पण पन्नास द्या."

सुवर्णा आणि दीर जिन्यापाशी कागदांवर सह्या करत होते, तेव्हा मी काकांना बाजूला ओढलं. राग माझ्या अगदी डोक्यात गेलेला. "पंधरा हजार घालवलेत! वर चोर म्हणवून घेतलंत! कोणी सांगितलं होतं रबर बदलायला?"

काकांनी शर्टाच्या खिशातून ते काढलं. जुनं, क्लचचं रबर. डावीकडची कड पार झिजून कागदासारखी झालेली, आणि मधे पायाच्या चवड्याएवढा खळगा. अनवाणी पायाचा.

"काल दुपारी काढलं," ते म्हणाले. "नुसतं ओढलं की निघतं. दहा वर्षं ओरडलो तिच्यावर, पाय काढ म्हणून. तिने काढला नाही, म्हणून हे राहिलं बघ." त्यांचा अंगठा त्या खळग्यातून फिरत होता. पास-नापास करताना फिरायचा तसा नव्हे, अगदी हळू. "गाडी देतोय. हे नाही देता आलं मला."

"मग सांगायचं ना त्यांना तसं!" खोटं कशाला बोलू, मी रडतच होते.

"सांगितलं असतं तर त्या पोरीने दया येऊन पासष्ट दिले असते. दयेचा भाव लावायचा नाही गाडीला."

त्यांनी रबर खिशात ठेवलं, वरून बटण लावलं आणि किल्ली घेऊन सुवर्णाकडे गेले. डाव्या दाराचं पाणी, एसीचा आवाज, सगळं तिला पुन्हा एकदा समजावून सांगितलं. ती आत बसली. दीर डावीकडे बसला. गाडी सुरू झाली, दोन आचके दिले आणि गेटाकडे निघाली. इंजिन नुसतं कोकलत होतं. मला गाडीतलं फार कळत नाही, पण इतकी वर्षं गॅलरीत उभं राहून एवढं नक्की कळायला लागलंय.

"काका," मी म्हटलं, "तिचा पाय क्लचवर आहे. ओरडा ना!"

काकांनी तोंड उघडलंही. गाडी गेटातून वळली, तसा त्यांचा हात खिशावर गेला.

"असू दे गं," ते म्हणाले. "ठेवू दे तिला पाय."